उसनी शिवी



चार वर्षांच्या लेकराच्या तोंडून आई-बहिणीवरची शिवी ऐकली की घरातली मोठी माणसे दोहोंपैकी एक गोष्ट करतात. हसतात, नाहीतर थोबाडीत देतात. कित्येक घरांत दोन्ही होते. पहिल्या दिवशी सगळे हसतात, मामाला फोन लावून पुन्हा म्हणायला लावतात, आणि पुढच्या आठवड्यात पाहुण्यांसमोर तोच शब्द आला की पाठीत धपाटा बसतो. काल ज्या शब्दाला टाळी मिळाली त्याला आज मार का, हे त्या जिवाला कळायचे कसे? मग चौकशी सुरू होते. शब्द आला कुठून? शाळेच्या व्हॅनमधून आला, खालच्या मजल्यावरच्या पोरांकडून आला, मोबाईलमधून आला. घराच्या उंबऱ्याच्या आत ही चौकशी सहसा येत नाही.

तेच लेकरू हरिपाठ म्हणू लागले की कुणी चौकशी करत नाही. तेव्हा सरळ उत्तर तयार असते, आमच्या घरचे संस्कार! माउली, तीन-चार वर्षांच्या मुलाला हरिपाठातल्या किती शब्दांचा अर्थ ठाऊक असतो? शिवीच्या अर्थाचा त्याला जेवढा पत्ता, तेवढाच हरिपाठाच्या अर्थाचा. कान तोच, जीभ तीच, ऐकायचे आणि म्हणायचे ही रीतही तीच. एकाचे श्रेय आपण घ्यायचे आणि दुसऱ्याचे खापर व्हॅनवाल्यावर फोडायचे, हा हिशेब बाजारात चालेल, माळकऱ्याला शोभत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी या पट्ट्यात मी चाळीसेक वर्षे कीर्तन केले. आता आवाज बसला, उभे राहून निरूपण होत नाही. रविवारी सकाळी इमारतीतल्या मुलांना जमवून हरिपाठ घेतो, एवढीच सेवा उरली आहे. त्या मुलांच्या आया मला जे प्रश्न विचारतात त्यांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून लिहायला घेतले.

आधी शब्द येतो कुठून ते पाहू. आमच्या भागातले बापे सकाळी सातला घर सोडतात. १८५३ साली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली, आणि तेव्हापासून या गावांचे सगळे जगणे गाडीच्या वेळेला बांधले गेले. डब्यात दोन प्रकारचा घोष चालतो. एका कोपऱ्यात भजनी मंडळ टाळ वाजवते आणि दाराशी रेटारेटीत शिव्यांची बरसात चाललेली असते. दोन्ही एकाच डब्यात, कधी कधी एकाच माणसाच्या तोंडून. संध्याकाळी तो माणूस घरी येतो तो दिवसभरचे शब्द अंगावर घेऊन. चपला बाहेर काढतो, शब्द काढून ठेवायला दाराशी जागा नसते.

दुसरी शाळा स्कूटरवरची. लहान मूल पुढे उभे, आई मागे. रिक्षा आडवी आली, खड्डा आला, की वडिलांच्या तोंडून शब्द सुटतो तो थेट पुढे उभ्या असलेल्या डोक्यावरच पडतो. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ साली पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला. मधल्या दोन वर्षांहून अधिक काळात त्या वळशावर अडकून कल्याणकरांनी मुलांना काय काय शिकवले असेल, ते पांडुरंगालाच ठाऊक. खड्ड्याचा राग खरा असतो, मी नाकारत नाही. पण खड्डा बुजत नाही, शब्द मात्र लेकराच्या कानात पक्का बुजवला जातो.

तिसरी जागा सांगताना मला संकोच होतो, तरी सांगतो, कारण ती आपली स्वतःची आहे. अलीकडे काही कीर्तनांत, नाव कुणाचेच घेत नाही, बायकांच्या अंगरूपावर, सासू-सुनांवर, नवऱ्याच्या दारूवर असे विनोद होतात की मांडवात पुढे बसलेली मुले खदखदा हसतात आणि दुसऱ्या दिवशी अंगणात तेच म्हणतात. नारदांच्या गादीवरून गेलेला शब्द लेकराला प्रमाण वाटतो. मोबाईलवर त्याचे तुकडे फिरतात ते वेगळेच. आपण मोबाईलला दोष देतो तेव्हा त्या मोबाईलमध्ये आपलाही फेटा दिसतो, हे विसरू नये.

इथे एक खुलासा. आमची आगरी-कोळी बोली रांगडी आहे. परक्या माणसाला दोन मित्रांचे बोलणे भांडणच वाटते. त्या रांगडेपणावर माझा रोख नाही. डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला ज्यांचे नाव आहे ते ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे याच मातीतले. ‘मेल्या, जेवायला ये’ म्हणणाऱ्या आजीच्या शब्दात जेवढी माया असते तेवढी गोड बोलणाऱ्या शंभर जणांत नसते. पोर ते बरोबर ओळखते. ज्या शब्दाने कुणाच्या आईची, बहिणीची, जातीची विटंबना होते त्याविषयी मी बोलतो आहे.

आता मुख्य शंका. ही शंका मला एका तरुण इंजिनियर बापाने विचारली आणि ती इतकी नेमकी होती की पूर्वपक्ष म्हणून ती जशीच्या तशी मांडतो. तो म्हणाला, “महाराज, तुम्ही कीर्तनात अजामिळाची कथा सांगता. त्याने देवाला हाक मारलीच नव्हती, मुलाला मारली होती. मुलाचे नाव नारायण, एवढ्यावर तो तरला. म्हणजे नाम अर्थ न कळता, हेतू नसता घेतले तरी फळ देते. विस्तवावर नकळत हात पडला तरी भाजतोच. मग शिवीचेही तसेच म्हणायला हवे. माझ्या मुलाने अर्थ न कळता शिवी दिली, तर त्याला दोष लागला का? लागला म्हणाल तर चार वर्षांचे मूल पापी ठरते. नाही म्हणाल तर नामालाही अर्थाशिवाय फळ नाही असे म्हणावे लागेल.”

पाहा, शंका कशी दोन्ही बाजूंनी धरते! मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. दोन दिवस भागवताचा सहावा स्कंध पुन्हा वाचला.

कीर्तनात आपण अजामिळाची कथा यमदूत परत गेले की आटोपती घेतो, कारण तिथे गजर करायला बरे पडते. पण कथा तिथे संपत नाही. अजामिळ जिवंत राहतो. त्याला पश्चात्ताप होतो, तो घर सोडून गंगाद्वाराला जातो, तिथे साधना करतो, आणि मग त्याला गती मिळते. म्हणजे नकळत आलेल्या नामाने दार उघडले, पुढची वाट त्याने स्वतःच्या पायांनी चालली. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या अखेरच्या घटकेला ‘नारायण’ हाच शब्द का आला? भागवतकार आधीच सांगून ठेवतात की म्हातारा त्या धाकट्या मुलावर जीव टाकून होता. स्वतः जेवताना त्याला भरवायचा, पाणी पिताना त्याला पाजायचा. दिवसातून किती वेळा ते नाव त्याच्या तोंडून गेले असेल! शब्द आकाशातून पडला नव्हता, जिभेवर त्याची पायवाट आधीच पडलेली होती.

म्हणून माझे समाधान असे. शिवी आणि नाम यांची शक्ती सारखी नाही. नामामागे नामी उभा असतो, नाम आणि नामी यांत भेद नाही हा आपला सिद्धांत. शिवीमागे कुणी उभे नसते. बोलणाऱ्याचा राग तेवढा असतो, आणि लेकराच्या शिवीत तर तोही नसतो. ते रिकामे भांडे आहे. तेव्हा लेकराला दोष लागत नाही, हे मी निःशंक म्हणतो. पण भांडे घरात आले, हे खरेच. हरिपाठ आपण लहानपणी का पाठ करून घेतो? आज अर्थ कळत नाही, प्रेम उपजलेले नाही, तरी भांडे तयार राहू दे, उद्या जीव पोळेल तेव्हा त्यात काही भरता येईल, म्हणूनच ना? तोच न्याय इकडे लावा. आज शिवीत राग नाही. दहाव्या-बाराव्या वर्षी राग येईल, अपमान होईल, तेव्हा तो ओतायला भांडे हाताशीच असेल. ‘त्याला कुठे कळते’ असे म्हणून सोडून द्यायचे, तर हरिपाठही सोडून द्यावा लागेल. त्यालाही ते कुठे कळते?

आणि दोष? दोष कुठे जात नाही, तो मूळ मालकाकडे राहतो. शब्द उसना आहे. उसन्या पैशाचे देणे ज्याने दिले त्याच्याकडे जात नाही, शब्दाचे मात्र जाते.

त्या बापाने विचारले, “म्हणजे पाप माझे?” मी म्हटले, पाप हा शब्द राहू दे, व्याज तुझ्या नावावर चढते आहे एवढे धर.

याला जोडूनच एक पाहिलेली गोष्ट सांगतो. आमच्या मंडळातले एक टाळकरी, वय सत्तरीच्या पुढे, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. पाणी हवे तर ‘पाणी’ म्हणता येईना, मुलाचे नाव घेता येईना. आम्ही तिघे भेटायला गेलो. परिचारिकेने हात वळवला तेव्हा कळ आली असावी, आणि त्या माणसाच्या तोंडून एक सणसणीत शिवी बाहेर पडली. स्वच्छ, अडखळल्याशिवाय. मुलगा खाली मान घालून उभा, नातू आजोबांकडे पाहतो आहे. थोड्या वेळाने आम्ही हलक्या आवाजात त्यांचा आवडता अभंग धरला, तर ध्रुवपद तेही आमच्याबरोबर म्हणू लागले, तेवढेच स्वच्छ. मी डॉक्टरांना याचा अर्थ विचारला. ते म्हणाले, मेंदूच्या डाव्या अंगाला इजा झाली की ठरवून बोलायची भाषा पुष्कळांची जाते, पण सवयीने आपोआप येणारे बोल बऱ्याचदा टिकतात. आकडे मोजणे, पाठ प्रार्थना, गाण्याची ओळ आणि शिवी.

गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंत सांगतात की अंतकाळी ज्याचे स्मरण होते त्याच गतीला जीव जातो, आणि ते स्मरण जन्मभराच्या ध्यासाने ठरते. मी यावर कितीतरी कीर्तने केली. पण नाम आणि शिवी जिभेच्या एकाच कप्प्यात शेजारी शेजारी नांदतात, हे मला त्या खाटेपाशी उमगले. आणि तो कप्पा भरायला सुरुवात होते ती चौथ्या-पाचव्या वर्षी, स्कूटरवर पुढे उभे राहून.

असो. दुसरी शंका थोडी अवघड आहे आणि ती वाचणाऱ्या मुलांकडून येते. सातवीतल्या एका मुलाने विचारले, “महाराज, तुकाराम महाराजांनी तर गाथेत शिव्या दिल्या आहेत. मग आम्ही का नाही?” गाथा चाळलेल्याला हे नाकारता येणार नाही. दांभिकांवर, भोंदूंवर तुकोबांनी जे शब्द टाकले आहेत त्यातले काही आपण मांडवात म्हणत नाही, गाळून पुढे जातो. गाळावे की नाही हा वेगळा वाद. पण मुलाला खोटे सांगू नये. मी म्हटले, “दिल्या आहेत. आता तू शोध, त्यांतली एक तरी त्यांनी स्वतःला धक्का लागला म्हणून दिली आहे का? मंबाजीने त्यांना काटेरी फांदीने मारले अशी कथा आहे. तेव्हा कीर्तनाला मंबाजी दिसला नाही म्हणून तुकोबा त्याला बोलवायला गेले आणि मारून हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपू लागले.” स्वतःला लागले तेव्हा शब्द नाही, आणि दुबळ्याला देवाच्या नावाने लुबाडताना पाहिले तेव्हा शब्द आवरला नाही. आपले बरोबर उलट असते. दुबळा लुबाडला जाताना आपण गप्प असतो आणि रिक्षाचा आरसा घासला की जीभ सुटते.

आपल्या जुन्या लोकरीतीनेही शिवीला जागा दिली होती, पण जागा नेमून दिली होती. होळीला बोंब मारत, ती धुळवडीबरोबर संपे. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड अशी दोन गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमून हातवारे करत एकमेकींना शिव्या देतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. त्याचे समर्थन मी करत नाही, पण बघा, दिवस एक, ओढा मध्ये, आणि संध्याकाळी आपापल्या घरी. आपण ओढा बुजवला आणि वर्षाचे ३६५ दिवस बार चालू ठेवला.

उलट दिशेचा एक प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचे गाव आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की गावात आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. गावात तसे फलक लागले. नेवासा म्हटले की वारकऱ्याचे हात आपोआप जोडले जातात. शके १२१२ मध्ये ज्ञानोबांनी त्याच नेवाशात खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतली. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. ऐकणाऱ्याच्या जिवाला चटका न लावणारे, खरे, प्रिय आणि हिताचे बोलणे म्हणजे तप. ज्या तालुक्यात हे मराठीत प्रथम बोलले गेले तिथल्याच एका गावाने सातशे वर्षांनी शिवीला दंड बसवावा, याला मी योगायोग म्हणणार नाही, आणि चमत्कारही म्हणणार नाही. गावाला लाज वाटली आणि गावाने ठरवले.

दंडाने शिवी थांबते का, असे आमच्या कट्ट्यावर एकाने विचारले. सगळी थांबत नसेल. पण फलक लागला की निदान एवढे होते की शिवी ही हवेसारखी सर्वत्र असणारच, हा समज मोडतो. आमच्याकडे कल्याण-डोंबिवलीत ग्रामसभा नाही. सोसायटीच्या सभा आहेत, त्या पार्किंगवरून होतात, आणि त्या सभांतले शब्द ऐकले तर दंडाची पेटी एका बैठकीत भरेल.

माउली, या हाकेचाच विचार करा. जगात दुसरा संप्रदाय मला ठाऊक नाही जिथे अनोळखी माणसाला, म्हाताऱ्याला, पोराला, बंदोबस्तावरच्या पोलिसालाही ‘आई’ म्हणून हाक मारतात. वारीत पाय तुडवला गेला तरी तोंडातून ‘माउली’ येते. आणि आपल्या मुलखातली बहुतेक शिवी आईवरच असते. म्हणजे एकाच शब्दाला आपण एका तोंडाने पाया पडतो आणि दुसऱ्या तोंडाने लाथ मारतो. माळ घालताना आपण विचारतो, मांसमच्छी सुटली का, दारू सुटली का, एकादशी होते का. जिभेवरची शिवी सुटली का, हे माझ्या ऐकण्यात फारसे कुणी विचारले नाही. विचारायला हवे. माळ त्याच गळ्यात असते ज्यातून तो शब्द वर येतो.

‘बाहेरचे वातावरणच असे, एकटे घर काय करणार’ हे म्हणणे मी ऐकून घेतो, मानत नाही. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या चार लेकरांनी आळंदीत काय ऐकले नाही? संन्याशाची पोरे म्हणून हिणवणे रोजचे. एकदा मनाला फार लागले तेव्हा ज्ञानोबा ताटी लावून बसले, आणि त्यांची समजूत काढायला गेली ती धाकटी मुक्ताई. ताटीचे अभंग आपण म्हणतो. रस्त्याने जे दिले ते तिच्या तोंडून परत गेले नाही, कारण घरात तिच्या कानावर दुसरे काही पडत होते. घराचे बळ एवढे असते.

आता आया विचारतात, करायचे काय. पहिले, हसू नका. लेकराच्या लेखी हसणे म्हणजे बक्षीस, आणि आजोबांचे हसणे म्हणजे दुप्पट बक्षीस. मारू नका, मारल्याने शब्द जड होतो, जपून ठेवण्यासारखा होतो. डोळ्याला डोळा देऊन हळू आवाजात सांगा की या शब्दाने समोरच्याच्या आईला दुखावते. एवढे चार वर्षांच्या मुलालाही समजते. लागले, पडले, राग आला तर काय म्हणायचे हेही द्या, कारण जीभ रिकामी राहत नाही. जुन्या बायका ठेच लागली की ‘विठ्ठला’ म्हणत, ते उगाच नव्हते. आणि ‘आपल्या घरात असे बोलत नाहीत’ हे वाक्य खरे असेल तरच म्हणा. खोटे असेल तर मूल ते पकडते.

आमच्या रविवारच्या वर्गात तेच झाले. मी सांगत होतो, तेव्हा सहा वर्षांचा एक मुलगा टाळ खाली ठेवून म्हणाला, “मग बाबा का म्हणतात?” बाकीची पोरे माझ्याकडे बघू लागली. मी म्हटले, “ते मला नाही ठाऊक रे. घरी जाऊन त्यांनाच विचार.” त्याने विचारले असावे. पुढच्या रविवारी वडील त्याला सोडायला आले आणि गेले नाहीत, मागे चपलांजवळ बसले. तीन महिने झाले, येतात. माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर बोललेले नाहीत. टाळ मात्र धरतात, आणि चुकले की मुलगा वळून त्यांना ठेका दाखवतो.